बार्लीला पुरण्यापुरता धर्म मिळणेबाबत

प्रति,
माननीय दफन-परवाना अधिकारी,
मॅडरोन काउंटी कार्यालय (खिडकी क्र. २),
मॅडरोन, कॅलिफोर्निया.

अर्जदार : मार्सिया ओव्हरगार्ड, वय ७१ वर्षे, धंदा सफरचंदे व मध.

विषय : कै. ल्यूथर डेल हॉफस्टेटर ऊर्फ बार्ली यांना लाँग टेबल येथील नाशपातीच्या झाडाखाली पुरता यावे, याकरिता लाँग टेबल हा धर्म असल्याचे मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २ नोव्हेंबर २०११ चा अर्ज (परत).
२) अर्जदाराचा दि. ४ नोव्हेंबर २०११ चा अर्ज, नमुना 'ब'.
३) आपले दि. ९ नोव्हेंबर २०११ चे नकाराचे पत्र.
४) याच कार्यालयाचा दि. ११ जून १९७४ चा पाडकामाचा आदेश.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चा अर्ज आपल्या खिडकीवरील श्रीमती यॉकम यांनी जागच्या जागी परत केला. "बाई, यात सगळं मी, मी, मी आहे. अर्जात अर्जदार असतो, मी नसतो," असे त्यांचे म्हणणे पडले. स्वतःतला मी घालवण्यासाठी अर्जदाराने तरुणपणी दोन लांबलचक उपवास, एक साधू आणि गळक्या तंबूतला एक अख्खा हिवाळा सोसला होता, तरी तो गेला नव्हता. आपल्या कार्यालयात तो एका मिनिटात गेला, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. 'आम्ही' या शब्दाबद्दल श्रीमती यॉकम काही बोलल्या नाहीत, सबब तो ठेवला आहे.

२. वस्तुस्थिती अशी की, १९६९ साली शहर सोडून आलेल्या अठरा जणांनी डोंगरावरची जमीन घेतली, वादळात पडलेल्या रेडवुड झाडाचे बावीस फुटी टेबल केले आणि सगळे एकाच टेबलावर जेवू लागले. म्हणून वस्तीचे नाव लाँग टेबल. गावात आम्हाला हिप्पी म्हणतात, आणि बेचाळीस वर्षांत दुसरे काही म्हणायचे कोणाला सुचलेले नाही. मयत हा त्याच वर्षीच्या शरदात पाठीवर बार्लीचे पोते घेऊन नेब्रास्काहून चालत आणि लोकांच्या गाड्या थांबवत आला. हिवाळाभर आम्ही ती बार्ली खाल्ली आणि त्याला तेच नाव चिकटले. अर्जदार त्याच्यासोबत चाळीस वर्षे राहिली. लग्न केले नाही, कारण दोन माणसांच्या मध्ये सरकारचा कागद कशाला, असे त्या वेळी आमचे मत होते. तो कागद किती जाड असतो, ते गेल्या पंधरवड्यात समजले.

३. रविवार दि. ३० ऑक्टोबर रोजी बार्ली शेवटची सफरचंदे उतरवत होता. दमला म्हणून उलट्या टोपलीवर बसला आणि पुन्हा उठला नाही. आमच्या रीतीप्रमाणे त्याला देवदाराच्या पाण्याने अंघोळ घातली, टेबलावर निजवले, आणि तीन दिवस कोणी ना कोणी त्याच्याजवळ बसून राहिले. त्या दिवसांत आम्ही जेवलोही त्याच टेबलावर, त्याच्या पायांकडच्या बाजूला. आपल्या तपासनिसांनी मागच्या अर्जात या वाक्यासमोर लाल शाईने उद्गारचिन्ह काढले आहे. यात आम्हाला तरी काही वावगे वाटत नाही. जेवताना तो नेहमी असायचाच.

खड्डा खणून तयार होता. शेजारी कोणी नाही, रस्ता कोणाचा नाही. गुपचूप पुरले असते तर कोंबडीलाही पत्ता लागला नसता. पण तिसऱ्या दिवशी आयडा, म्हणजे आमच्यातली सर्वांत वडील, वय ८१, म्हणाली, "कळवूया गं काउंटीला. आपण काय चोरी करतोय का?" आमच्यात खोटे न बोलण्याचा एक जुना निर्धार आहे. तो इतर सगळ्या निर्धारांसारखा मोडायला हवा होता, तो नेमका पाळला गेला. वेस्ली पोग हा आमचा स्वयंपाकी गावात जाऊन फोन करून आला, आणि दोन तासांत आपली गाडी येऊन बार्लीला घेऊन गेली. तेव्हापासून तो आपल्या शीतगृहात आहे. आयुष्यात त्याने कधी फ्रीज वापरला नव्हता.

४. आपल्या नियमानुसार खासगी जमिनीत दफन करायचे तर ती जमीन मान्यताप्राप्त धर्मसंस्थेची जुनी दफनभूमी असावी लागते, आणि तसे नसेल तर मृतदेह रक्ताच्या नातेवाइकाकडे जातो. असा नातेवाईक म्हणजे मयताचा पुतण्या श्री. रँडल हॉफस्टेटर, नेब्रास्का. तो १९८८ साली एकदा येऊन चाळीस मिनिटे थांबला होता व त्याने घेवड्याची उसळ पानात तशीच टाकली होती. माणूस वाईट नाही. फोनवर बिचारा चाचपडत होता. "तुम्हाला काकू म्हणू की काय म्हणू तेच कळत नाही," असे म्हणाला. मग म्हणाला, "आजीच्या शेजारी त्यांची जागा चाळीस वर्षं राखून ठेवलीय हो आम्ही. इतकी वर्षं तुम्ही ठेवलंत त्यांना, आता आम्हाला द्या." अर्जदाराने विचारले की, ठेवायला तो काय मुरांब्याची बरणी होता का. त्यावर पलीकडून "काकू, मला पण वाईट वाटतंय," एवढेच ऐकू आले. शुक्रवार दि. १८ रोजी सायंकाळी पाच वाजता मृतदेह त्याच्या ताब्यात देण्यात येईल, असे आपण कळवले आहे.

बार्लीने नेब्रास्का सोडले ते कुटुंबाच्या चर्चमुळे. ज्या वडिलांनी त्याला भर प्रार्थनेत उभे करून, केस कापल्याशिवाय या दारातून आत यायचे नाही असे बजावले, त्यांच्याच पायथ्याशी तो आता कायमचा झोपणार. केसांचे म्हणाल तर ते पंचेचाळिशीतच गळून गेले होते.

५. दफनभूमी जुनी आहे का, असा नमुना 'ब' मध्ये प्रश्न आहे. त्याचे उत्तर अर्जदाराने खरे दिले. नाशपातीखाली एक थडगे आहे. ते क्लोव्हर हिचे. एप्रिल १९७३ मध्ये ती जन्मली आणि नऊ दिवस जगली. अर्जदार व मयत यांची मुलगी. तिचा जन्माचा दाखला नाही, म्हणून मृत्यूचाही नाही. बार्लीने पेटी स्वतः केली, आणि ती इतकी लहान झाली की त्याने दोनदा माप घेतले. दरवर्षी पहिली नाशपाती उतरली की तो ती झाडाखाली नेऊन खायचा आणि परत यायचा. मरणाबद्दल त्याने आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे तिच्या डाव्या बाजूची जागा. उजवी बाजू त्याने अर्जदाराला देऊ केली होती, कारण तिथे ऊन येते.

आपल्या पत्रात यावर एवढेच आहे की, सदर थडगे विनापरवाना असून त्याबाबत स्वतंत्र कारवाई करण्यात येईल. महोदय, ते वाचून अर्जदार खिडकी क्र. २ समोर खाली बसली. श्रीमती यॉकम बाहेर आल्या आणि त्यांनी पाणी दिले, याची त्यांच्या सेवापुस्तकात नोंद व्हावी.

६. आता आपल्या हरकतींकडे वळते. 'हिप्पी जीवनपद्धती हा धर्म वा श्रद्धा मानता येत नाही. तिला देव, ग्रंथ, पुरोहित अथवा शिस्त नाही. ती पोशाख, गाणी व नशा यांची एक लाट होती व ती ओसरली आहे,' असे आपण म्हणता.

देवाचे म्हणाल तर तो आमच्याकडे नाही. अधूनमधून कोणी आणायचे, पण भांडी घासायच्या वेळेला तोही दिसायचा नाही. ग्रंथ म्हणावा तर भिंतीवर रंगाने लिहिलेले एकच वाक्य आहे : ज्याचे ताट त्याने धुवावे. बेचाळीस वर्षांत इतकी मोडली गेलेली आज्ञा दुसरी नसेल, आणि आज्ञांचे इतर धर्मांतही असेच होते असे अर्जदार ऐकून आहे. नशेबद्दल खोटे बोलत नाही, होती. चर्चमधल्या वेदीवरची द्राक्षाची दारू आपण नशेत मोजत नाही, हे फक्त नोंदवून ठेवते.

लाट ओसरली हे मात्र खरे, आणि ती कशी ओसरली हे आपल्यापेक्षा अर्जदाराला जास्त ठाऊक आहे. सर्वांवर प्रेम करावे अशी शिकवण होती. सर्वांवर प्रेम करायला पुरुष पुढे असायचे आणि सर्वांचा स्वयंपाक करायला बायका. ज्याने आम्हाला मालमत्ता हे पाप आहे असे तीन वर्षे समजावले, तो आमचा एकुलता एक ट्रक घेऊन पळाला आणि आता म्हणे कुठेतरी घरे विकतो. ज्यांनी अंगावर फुले काढली, त्यांची मुले बँकेत लागली. शहरात आमच्या नावाचे सदरे मिळतात, ते घालून लोक रविवारी फिरायला येतात आणि आम्ही खरेच आहोत का, हे कुंपणावरून वाकून बघतात. हे सगळे होऊनही चार माणसे त्याच टेबलावर जेवत राहिली. फॅशन असती तर १९७५ पर्यंत उतरली असती, गुडघे दुखेपर्यंत कोण चालवतो? ज्याचा काही फायदा नाही, ज्याची लोक थट्टा करतात, आणि जे सोडवत नाही, त्याला आपल्या नियमांत दुसरा शब्द असेल तर कळवावा.

७. पुरोहित नाही, ही हरकत मान्य, आणि याच ठिकाणी अर्जदाराला एक कबुली द्यायची आहे. आमच्यात निर्णय होतात ते लाकडी पळीने. सगळे टेबलाभोवती बसतात व पळी हातोहात फिरते. ज्याच्याकडे पळी असेल त्याने बोलायचे, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचे. सगळ्यांना पटले तर काम होते. पण एकाने जरी पळी टेबलावर पालथी ठेवली, तर ते काम तिथेच संपते. मग बाकीचे पन्नास असोत नाहीतर पाचशे. मतमोजणी नाही, मागून मनधरणी नाही.

१९७४ च्या वसंतात आपल्या कार्यालयाने आमच्या खोपट्यांना पाडकामाची नोटीस दिली. तेव्हा एका भल्या वकिलाने फुकट सल्ला दिला की, चर्च म्हणून नोंदणी करा, धर्मसंस्थेच्या इमारतींना हात लावणार नाहीत. फॉर्म आणून दिला, भरूनही दिला. तेव्हा आम्ही अडतीस होतो. पळी फिरली, सदतीस जणांना पटले, आणि बार्लीने ती पालथी ठेवली. तो म्हणाला, "आज सरकारला सांगाल, हा आमचा धर्म. उद्या एकमेकांना विचाराल, तू त्या धर्मात नीट आहेस का रे? आणि परवा कुणाला तरी दाराबाहेर काढाल. मी तेच सोडून आलोय, मला पुन्हा तिथं नेऊ नका." अर्जदाराची मुलगी जाऊन तेव्हा वर्ष झाले होते, आणि डोक्यावरचे छप्पर जाणार होते. ती त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या तत्त्वाला दार आहे, पण छप्पर नाही." तो रडला, पण पळी उचलली नाही.

बारा खोपटी पडली. एकोणीस माणसे निघून गेली. अर्जदार त्याच्याशी नाशपाती फुलेपर्यंत बोलली नाही. म्हणजे आपण ज्या नोंदणीचा कागद मागत आहात, तो नसण्याचे कारण स्वतः मयत आहे. त्याच्या मताप्रमाणे हा अर्ज नामंजूर व्हायला हवा, हे अर्जदाराला कळते.

८. तथापि, आपल्याकडील जुने दप्तर काढून पाहावे. संदर्भ क्र. ४ च्या आदेशात, पाडकामाचे कारण म्हणून, सदर जागेत 'हिप्पी पंथाचे अनुयायी त्यांच्या श्रद्धेनुसार दाटीवाटीने व अनारोग्यकारक रीतीने राहत असल्याने' असे शब्द आहेत. खाली आपल्याच हुद्द्याची सही आणि शिक्का आहे. पाडायच्या वेळी आम्ही पंथ होतो, श्रद्धा होती, अनुयायी होते. पुरायच्या वेळी फक्त पोशाख राहिला. एकच कार्यालय, एकच शिक्का. यापैकी कोणते खरे ते आपण ठरवावे, आणि आजचे खरे असेल तर बारा खोपटी चुकून पाडली गेली असे लेखी द्यावे. दोन्हीकडून आमचेच जाते, हा न्याय ऐकायला बरा वाटत नाही.

९. शेवटची हरकत शिस्तीची. आपण लिहिता की, या वस्तीत कोणीही येतो, कोणीही जातो, नियम मोडल्यास कोणाला काढल्याचे उदाहरण नाही, त्यामुळे ही फार तर हौशी मंडळी ठरते. दि. ९ रोजी हे खरे होते.

रविवार दि. १३ रोजी आम्ही तिघे टेबलावर बसलो : आयडा, वेस्ली आणि अर्जदार. प्रस्ताव असा की, लाँग टेबल हा धर्म आहे असे काउंटीला लिहून द्यावे व बार्लीला आणावे. आयडाने होकार दिला. तिला एवढेच हवे होते की तो घरी यावा. वेस्लीने पळी बराच वेळ हातात धरली आणि पालथी ठेवली.

वेस्ली दुष्ट नाही, हे आपण समजून घ्यावे. बार्लीचे जोडे अजून तो दारात पुसून ठेवतो. तो म्हणाला, "मार्सी, त्यानं ज्याच्यासाठी बारा घरं पडू दिली, ते मी त्याच्याच मढ्यासाठी विकू? त्याला काय वाटेल?" अर्जदार म्हणाली, "काय वाटेल ते विचारायला तो इथं नाहीये वेस, तो काउंटीच्या फ्रीजमध्ये आहे." तो म्हणाला, "म्हणून तर त्याच्या वतीनं मीच बोलायला हवं." आयडाने दोघांचे हात धरले होते. तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून काय ठरले ते तिने दोनदा विचारले.

पालथ्या पळीच्या विरुद्ध जो वागेल त्याने टेबलावरून उठायचे आणि पुन्हा बसायचे नाही, असा आमचा पहिल्या वर्षापासूनचा नियम आहे. उठायचे म्हणजे वस्तीतूनच. तो कधी वापरला गेला नव्हता, कारण भांडलेली माणसे आपणहून जायची. अर्जदाराने वेस्लीला सांगितले की ती अर्ज करणार आहे. तो म्हणाला, "मग तुला माहीत आहे." तिला माहीत होते. त्याने तिच्यासाठी पाव बांधून दिला, लोकरी पांघरूण दिले आणि आज सकाळी स्वतःच्या ट्रकने आपल्या दारात आणून सोडले. वाटभर तो रडत होता. "फाड ना तो कागद, परत जाऊ," असे दोनदा म्हणाला. अर्जदाराने कागद फाडला नाही. त्याने गाडी वळवली तेव्हा निरोपाला हात केला नाही, कारण नियमात ते बसत नाही.

तेव्हा महोदय, शिस्तीचे उदाहरण आता उपलब्ध आहे. बहिष्कृत व्यक्ती कार्यालयीन वेळेत खिडकी क्र. २ समोर बसलेली असेल, तिची आपण केव्हाही तपासणी करावी. ज्याला माणूस बाहेर काढता येतो तो धर्म, ही आपली व्याख्या अर्जदाराने पूर्ण करून आणली आहे. बार्ली हेच म्हणाला होता. तो बरोबर होता, आणि तरीही त्याला तिथेच पुरायचे आहे.

१०. सबब विनंती की,
(अ) लाँग टेबल हा धर्म मानावा. कायमचा मानणे अडचणीचे असल्यास शुक्रवार सायंकाळी पाचपर्यंत मानावा.
(आ) मयतास क्लोव्हरच्या डाव्या बाजूस पुरण्याचा परवाना द्यावा व तिचे थडगे आहे तिथेच राहू द्यावे.
(इ) मृतदेह व परवाना वेस्ली पोग यांच्या ताब्यात द्यावा. ते रागावतील, पण खड्डा तेच बुजवतील. त्या धर्माच्या माणसाखेरीज कोणाला हजर राहता येणार नाही हे अर्जदार जाणते, म्हणून तिच्यासाठी परवानगी मागितलेली नाही.
(ई) नमुना 'ब' च्या रकाना १४ मध्ये, दि. ४ रोजी, अर्जदाराने भविष्यातील दफनांची संख्या 'दोन' अशी लिहिली होती. ती दुरुस्त करून 'एक' करावी. उजव्या बाजूच्या जागेवर अर्जदाराचा आता हक्क राहिलेला नाही.

कळावे, आणि कळल्यास पाचच्या आत कळवावे.

आपली,
अजून तरी नम्र,
(सही) मार्सिया ओव्हरगार्ड

मॅडरोन, बुधवार, दि. १६ नोव्हेंबर २०११

सोबत :
१) पाडकाम आदेशाची प्रत, १९७४.
२) चर्च नोंदणीचा भरलेला फॉर्म, १९७४, न दिलेला.
३) वेस्ली पोग यांचे निवेदन : "हा अर्ज आमचा नाही." हे त्यांनी अर्जदाराच्या आग्रहावरून लिहून दिले असून, शिस्तीचा पुरावा म्हणून जोडले आहे.